२०२४ ला '१९७७' म्हणण्याआधी: जुन्या आणि ताज्या निवडणुकीची तुलना कशी करावी

४ जून २०२४ ला लोकसभेचा निकाल लागला, त्या संध्याकाळी परळला आमच्या इमारतीखाली खुर्च्या टाकून मंडळी बसली होती. एका आजोबांनी ठामपणे सांगितलं, "हे सत्त्याहत्तर आहे." शेजारच्या निवृत्त शिक्षकांच्या मते ते सदुसष्ट होतं. त्यांच्या मुलाने २००४ ची आठवण काढली. तिघांकडे कारणं होती आणि तिघांनीही मोजायला एकच गोष्ट घेतली होती, ती म्हणजे जागा. मी वर येऊन लांब वही काढली आणि रकाने आखायला बसलो. पुढचे काही आठवडे त्या वहीत गेले. त्यातून हाताला लागलेली पद्धत इथे क्रमाने मांडतो. वही, कॅल्क्युलेटर आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरचे सांख्यिकी अहवाल एवढं पुरतं. हे अहवाल १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीपासूनचे, फुकट मिळतात.

आधी पक्षांची नावं आणि एकूण जागा तपासा

हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून बहुतेक जण गाळतात आणि इथेच फसतात. १९७७ चा अहवाल उघडून त्यात जनता पक्ष शोधा, विजेता म्हणून सापडणार नाही. त्या निवडणुकीत जनता पक्षाचे उमेदवार भारतीय लोकदलाच्या 'नांगरधारी शेतकरी' या चिन्हावर लढले, त्यामुळे २९५ जागा लोकदलाच्या नावावर आहेत. काँग्रेस १९६९ साली फुटली. म्हणून १९७१ ची इंदिरा गांधींची काँग्रेस आणि १९६७ ची काँग्रेस या एकाच ओळीत डोळे झाकून लिहिता येत नाहीत. आपल्याकडे तर ताजंच उदाहरण आहे. २०१९ ला महाराष्ट्रात शिवसेनेच्या १८ जागा आल्या. २०२४ ला त्यांची तुलना ठाकरे गटाच्या ९ शी करायची की शिंदे गटाच्या ७ शी? उत्तर काहीही द्या, पण वहीत ते लिहून ठेवा आणि शेवटपर्यंत तेच पाळा. मी फुटलेल्या पक्षांसाठी वेगळा रकाना ठेवतो आणि तिथे तुलना करतच नाही.

एकूण जागाही बदलत आल्या आहेत. १९६७ ला ५२०, १९७१ ला ५१८, १९७७ ला ५४२, आता ५४३. १९८४ च्या डिसेंबरमध्ये पंजाब आणि आसाम वगळून ५१४ जागांवर मतदान झालं आणि काँग्रेसला ४०४ मिळाल्या. त्या दोन राज्यांत १९८५ मध्ये मतदान झाल्यावर हा आकडा ४१४ झाला. म्हणून एका लेखात ४०४ आणि दुसऱ्यात ४१४ दिसतं. दोन्ही बरोबर आहेत, फक्त ४१४ ला ५१४ ने भागू नका. २०२४ ला सुरतची जागा बिनविरोध गेली, म्हणजे तिथल्या मतदारांचं एकही मत देशाच्या टक्केवारीत नाही.

मतदारसंघाच्या सीमांबद्दल मुंबईकरांनी विशेष जपावं. २००९ पासून नवी रचना लागू झाली. आधीचा 'दक्षिण मध्य' म्हणजे परळ-लालबागचा गिरणगाव, आताच्या 'दक्षिण मध्य'मध्ये धारावी, चेंबूर, अणुशक्तीनगर येतं. नाव तेच, माणसं वेगळी. १९८४ च्या काँग्रेसच्या लाटेत याच नावाच्या मतदारसंघातून कामगार नेते दत्ता सामंत अपक्ष निवडून आले. त्याची तुलना २०२४ मध्ये ठाकरे गटाच्या अनिल देसाई यांच्या तिथल्या विजयाशी केली तर ती नुसती नावांची तुलना होईल.

मतं आधी, जागा नंतर

माझं सगळ्यात ठाम मत इथे आहे. तुलनेची पहिली ओळ मतटक्क्याची हवी. जागांचा आकडा डोळ्यांत भरतो, पण तो मतांचं प्रतिबिंब दाखवताना कधी फुगवतो, कधी आकसतो.

२००४ घ्या. काँग्रेसच्या जागा ११४ वरून १४५ वर गेल्या आणि सत्ता मिळाली. मतं? १९९९ ला २८.३० टक्के होती, २००४ ला २६.५३ टक्के झाली. म्हणजे मतं घटली आणि जागा वाढल्या. द्रमुकसारखे मित्रपक्ष मिळाले, काँग्रेसने स्वतः कमी जागा लढवल्या आणि जिथे लढवल्या तिथे मतं कामी आली. आमच्या खुर्च्यांवरच्या तरुणाला हे सांगितलं तेव्हा त्याने आधी विश्वासच ठेवला नाही.

आता वहीत दोन रकाने आखा. एकात पक्षाची मतं टक्क्यांत, दुसऱ्यात जागा टक्क्यांत. जागांच्या टक्क्यांना मतांच्या टक्क्यांनी भागा. जो आकडा येईल त्याला मी 'गुणक' म्हणतो. एक मतटक्का किती जागाटक्के घेऊन आला, ते त्यातून कळतं.

२०१९ ला भाजपची मतं ३७.३६ टक्के आणि जागा ३०३, म्हणजे ५५.८ टक्के. गुणक १.४९. २०२४ ला मतं ३६.५६ टक्के, जागा २४०, म्हणजे ४४.२ टक्के. गुणक १.२१. मतं एक टक्कासुद्धा घसरली नाहीत, तरी ६३ जागा गेल्या. घसरला तो गुणक. काँग्रेसचं उलट झालं. तिची मतं १९.४९ वरून २१.१९ वर गेली, पण जागा ५२ वरून ९९ झाल्या. गुणक ०.४९ होता, तो ०.८६ झाला.

हीच रीत जुन्या निवडणुकांना लावा. १९७१ ला काँग्रेसची मतं ४३.६८ टक्के होती. १९७७ ला ती ३४.५२ वर आली, नऊ टक्क्यांहून मोठी पडझड. याला मतदार फिरला म्हणतात. १९६२ ते १९६७ मध्ये काँग्रेसची मतं जेमतेम चार टक्क्यांनी कमी होऊन ४०.७८ वर आली. जागा मात्र ३६१ वरून २८३ वर आल्या, तेही एकूण जागा वाढलेल्या असताना. गुणक १.६३ वरून १.३३ झाला.

एवढ्या हिशोबानंतर आजोबांचं सत्त्याहत्तर मागे पडतं आणि शिक्षकांचं सदुसष्ट जवळ येतं. २०२४ ला मतदाराने सत्ताधाऱ्यांकडे पाठ फिरवली नव्हती. विरोधकांची मतं एकत्र येऊन नेमक्या जागी पडली, हे जास्त खरं.

लढवलेल्या जागांची नोंदही शेजारी ठेवा. काँग्रेसने २०१९ ला ४२१ जागा लढवल्या, २०२४ ला ३२८. जवळपास शंभर जागा मित्रांना सोडूनही मतं वाढली. नुसत्या देशव्यापी टक्क्यातून ही वाढ आहे त्यापेक्षा लहान दिसते.

विरोधक किती एकवटले होते?

हे मोजण्याचं सोपं साधन आहे. सगळ्यात मोठ्या विरोधी उमेदवाराची मतं घ्या, त्यांना सगळ्या विरोधी मतांच्या बेरजेने भागा आणि शंभराने गुणा. आलेला आकडा म्हणजे विरोधकांचं ऐक्य. समजा सत्ताधाऱ्यांना ४० टक्के मतं पडली आणि उरलेल्या ६० पैकी ४५ एकाच उमेदवाराला गेली, तर ऐक्य ७५ आणि सत्ताधारी पडले. तीच ६० मतं तिघांत सारखी वाटली गेली तर ऐक्य ३३ आणि तेच सत्ताधारी आरामात निवडून येतात. मतदार तोच, कौल वेगळा.

मुंबईत हे आपण २००९ ला पाहिलं आहे. मनसे पहिल्यांदा लोकसभेला उतरली आणि शहरातल्या सहाही जागा काँग्रेस-राष्ट्रवादीकडे गेल्या. ईशान्य मुंबईत विजयाचं अंतर तीन हजारांहूनही कमी होतं आणि मनसेची मतं लाखाच्या वर होती. तो निकाल पाहून 'मराठी मतदार काँग्रेसकडे गेला' असं लिहिणारे होते. मराठी मत शिवसेना आणि मनसे अशा दोन ठिकाणी गेलं होतं, एवढंच. पुढे २०१४ आणि २०१९ ला त्याच सहाही जागा शिवसेना-भाजप युतीकडे आल्या.

नकाशा राज्याराज्याने उलगडा

देशाचा एकच आकडा म्हणजे बेरीज-वजाबाकी करून उरलेली शिल्लक. आत काय उलथापालथ झाली ते त्यात दिसत नाही. १९७७ ला काँग्रेसला उत्तर प्रदेशातल्या ८५ पैकी एकही जागा मिळाली नाही, बिहारमधल्या ५४ पैकीही शून्य. त्याच निवडणुकीत आंध्रात ४२ पैकी ४१ काँग्रेसच्या आल्या, एकटे नीलम संजीव रेड्डी नंद्यालमधून जनता पक्षाचे निवडून आले. सक्तीच्या नसबंदीचा वरवंटा उत्तरेत जेवढा फिरला तेवढा दक्षिणेत फिरला नव्हता. आणीबाणी सगळ्या देशावर होती, पण तिची धग सगळीकडे सारखी नव्हती. महाराष्ट्र मधोमध राहिला: काँग्रेस २०, जनता १९, शेकाप ५, माकप ३ आणि रिपब्लिकन पक्षाच्या खोब्रागडे गटाला १.

२०२४ ला उत्तर प्रदेशात भाजप ६२ वरून ३३ वर आला आणि समाजवादी पक्ष ५ वरून ३७ वर गेला. महाराष्ट्रात भाजप २३ वरून ९ वर आला. राजस्थान, हरियाणातही जागा गेल्या. पण ओडिशात २१ पैकी २० मिळाल्या, मध्य प्रदेशात २९ पैकी २९. केरळात त्रिशूरची जागा पहिल्यांदाच आली. देशाचा टक्का जवळपास स्थिर दिसला तो या दोन उलट्या प्रवाहांमुळे. १९७७ ला उत्तरेत एकच कारण गावोगाव ऐकू येत होतं. २०२४ ला कारण जिल्ह्यागणिक बदलत होतं. आपल्याच राज्यात पाहा. दिंडोरीत कांद्याच्या निर्यातबंदीचा राग होता, मराठवाड्यात मराठा आरक्षणाचा प्रश्न पेटला होता आणि तिथल्या आठपैकी सात जागा महायुतीने गमावल्या.

महाराष्ट्राचा आणखी एक आकडा मी वहीत लाल शाईने लिहून ठेवला आहे. महाविकास आघाडी ३०, महायुती १७. आणि दोघांच्या मतांतलं अंतर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. तीस-सतरा ऐकून ज्यांनी 'सुपडा साफ' म्हटलं, त्यांनी ही दुसरी ओळ वाचली नव्हती.

एक मतदारसंघ भिंगाखाली घ्या

राष्ट्रीय आकड्यांत फिरून डोकं गरगरतं. तेव्हा आपल्या ओळखीचा एक मतदारसंघ निवडा आणि 'फॉर्म २०' काढा. त्यात बूथनिहाय मतं असतात. महाराष्ट्राच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो पाहता येतो.

मी मुंबई उत्तर पश्चिम घेतला. शिंदे गटाच्या रवींद्र वायकर यांना ४,५२,६४४ मतं, ठाकरे गटाच्या अमोल कीर्तिकर यांना ४,५२,५९६. फरक ४८. यंत्रातल्या मतांत कीर्तिकर एका मताने पुढे होते: ४,५१,०९५ विरुद्ध ४,५१,०९४. मग टपाली मतं धरली, वायकरांची १,५५० आणि कीर्तिकरांची १,५०१. निकाल फिरला तो तिथे. 'वरीलपैकी कोणी नाही' हे बटण त्याच मतदारसंघात पंधरा हजारांहून जास्त जणांनी दाबलं होतं. या ओळी वहीत उतरवताना पेन थांबतं. साडेचार लाखांच्या दोन ढिगांमधला हा फरक आमच्या इमारतीच्या दोन मजल्यांवरच्या मतदारांएवढा आहे. मुंबईचा कौल इतिहासात चार-दोन असा नोंदला गेला. ही ४८ मतं दुसरीकडे असती तर तो पाच-एक झाला असता आणि त्यावरचे अग्रलेखही वेगळे लागले असते. म्हणून पाच हजारांहून कमी अंतराच्या जागा मी नेहमी बाजूला काढतो आणि त्या उलट पडल्या असत्या तर चित्र काय दिसलं असतं ते मांडून पाहतो. ज्या निष्कर्षाला एवढासा धक्का सोसत नाही, तो लिहीत नाही.

मतदानाचा टक्का जपून वापरा

१९७१ ला ५५.२७, १९७७ ला ६०.४९, २०१४ ला ६६.४४, २०१९ ला ६७.४०, २०२४ ला ६५.७९ टक्के. मतदान वाढलं की सत्ता बदलते असा समज आहे. २०१९ ला विक्रमी मतदान होऊन सरकार तेच राहिलं. शिवाय मतदारच बदललेला असतो: १९८९ पासून मतदानाचं वय २१ वरून १८ झालं. मुंबईत यादीचाही गोंधळ असतो. गिरणगावातली चाळ पुनर्विकासाला गेली, कुटुंब बदलापूरला किंवा विरारला राहायला गेलं आणि नाव जुन्याच यादीत राहिलं, असं प्रत्येकाच्या नात्यात घडलेलं आहे. अशा नावांमुळे भाजक फुगतो आणि टक्का आहे त्याहून कमी दिसतो. या रकान्यावर मी फार भर देत नाही.

वर्तमानपत्रं वाचा, पण निकालाच्या आधीची

दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जा आणि जुन्या अंकांची चौकशी करा. निकालानंतरचे अंक वाचायची घाई करू नका, कारण निकाल लागल्यावर सगळ्यांनाच सगळं आधी कळलेलं असतं. मतदानाच्या आधीचे दोन आठवडे वाचा. कोणत्या सभेला गर्दी होती, कोणत्या महागाईबद्दल वाचकांची पत्रं येत होती, कोण कोणाला तिकीट नाकारत होतं. १९६७ समजून घ्यायला १९६६ चं रुपयाचं अवमूल्यन आणि बिहारचा दुष्काळ कळावा लागतो. आणि दक्षिण मुंबईत स. का. पाटलांसारखा मातब्बर मंत्री जॉर्ज फर्नांडिस नावाच्या कामगार पुढाऱ्याकडून हरू शकतो, हे मतदानाआधी किती जणांना खरं वाटत होतं, तेही त्या अंकांतूनच कळतं.

घोषणाही टिपून ठेवा, त्यांतून काळाचा आवाज येतो. १९७७ ला गोरेगावच्या पाण्यासाठी लढलेल्या मृणाल गोरे उत्तर मुंबईतून निवडून आल्या आणि इंदिरा गांधी रायबरेलीत पडल्या. 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' हे मुंबईने तेव्हा म्हटलं. गोरेगावच्या नळाचं भांडण आणि देशाची सत्ता एका ओळीत बसलेली मी दुसरीकडे वाचलेली नाही.

आता मुंबईची ओळ लावून बघा

एका पानावर मुंबईच्या सहा जागा वर्षांप्रमाणे लिहा. १९७७: जनता पक्ष आणि मित्रपक्ष सहा. १९८०: जनता पाच, काँग्रेस एक. १९८४: काँग्रेस पाच, अपक्ष एक. १९८९: सेना-भाजप चार, काँग्रेस दोन. २००४: काँग्रेस पाच, सेना एक. २००९: काँग्रेस-राष्ट्रवादी सहा. २०१४ आणि २०१९: युती सहा-सहा. २०२४: आघाडी चार, महायुती दोन. मधल्या निवडणुका तुम्ही भरा.

यातलं १९८० बघून मी बराच वेळ थांबलो. देशात इंदिरा गांधी ३५३ जागांनी परतल्या, महाराष्ट्रानेही ४८ पैकी ३९ त्यांना दिल्या आणि मुंबई मात्र पाच ठिकाणी जनता पक्षाबरोबर राहिली. आपलं शहर म्हणजे देशाचा आरसा असं धरून जे लिहितात, त्यांनी ही ओळ पाहावी.

शेवटचा रकाना: पुढे काय टिकलं?

निवडणूक वळणाची होती का, याचं उत्तर त्याच निवडणुकीच्या आकड्यांत नसतं. ते पुढच्या दोन निवडणुकांत असतं. हा रकाना भरला की ओळखीच्या गोष्टी उलट्या दिसायला लागतात.

१९८४ हा सगळ्यात मोठा विजय. पाच वर्षांत काँग्रेस १९७ वर आली. भाजप तेव्हा दोन जागांवर होता, १९८९ ला ८५ वर पोचला. १९७७ ला केंद्रात पहिल्यांदा सत्ता पालटली, पण मोरारजी देसाईंचं सरकार अठ्ठावीस महिन्यांत पडलं आणि १९८० ला काँग्रेस परतली. मागे राहिली ती १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती, जिने आणीबाणी लादणं अवघड केलं. ही कमाई मोठी आहे, पण ती मतांच्या तक्त्यात सापडत नाही.

१९६७ ला केंद्रातलं सरकार बदललंसुद्धा नाही. तरी तमिळनाडूत द्रमुक आला आणि तिथे काँग्रेसचं स्वतःचं सरकार त्यानंतर पुन्हा कधी झालं नाही. १९८९ ला तर काँग्रेसच सगळ्यात मोठा पक्ष होता. त्यानंतर पंचवीस वर्षं, २०१४ पर्यंत, कुठल्याच एका पक्षाला बहुमत मिळालं नाही आणि उत्तर प्रदेशात काँग्रेसचं सरकार आजतागायत परतलेलं नाही. माझ्या मते स्वातंत्र्यानंतरची खरी वळणं ही दोन. निकालाच्या रात्री त्यांचा गाजावाजा सगळ्यात कमी झाला.

मग २०२४? मतांची घसरण, गुणक, राज्यांतलं उलटसुलट वारं हे तीन रकाने १९६७ च्या जवळ जातात. फरकही आहे. १९६७ ला विधानसभा सोबतच होत्या आणि अनेक राज्यांत काँग्रेसची सत्ता गेली. २०२४ ला लोकसभेसोबत ओडिशाची विधानसभा झाली, तर तिथे भाजप पहिल्यांदा स्वबळावर सत्तेत आला. आणि महाराष्ट्रात २३ नोव्हेंबर २०२४ ला, म्हणजे सहा महिन्यांच्या आत, विधानसभेच्या २८८ पैकी २३० जागा महायुतीकडे गेल्या. जूनमध्ये 'महाराष्ट्र फिरला' म्हणणाऱ्यांत मीही होतो. माझ्या वहीत ते वाक्य अजून आहे, त्यावर मी रेघ मारली नाही. त्याच्या शेजारी नोव्हेंबरची तारीख आणि २३० हा आकडा लिहिला आणि खाली २०२९ साठी पान कोरं सोडलं.